उभी रेघ, आडवी रेघ

डिस्कवर जागा उरली होती चिमूटभर,
आणि भूकंपमापकाची एकवीस वर्षं
अजून जुन्या यंत्राच्या पोटात.
शुक्रवारी ते यंत्र बंद करायचं होतं.

"आधी उतरवून घ्यायचं, मग आवळायचं,
हे ऐसपैस घर असलेल्यांचं काम,"
डॉन एलेउतेरियो नावेल्कीन म्हणाले
आणि शेगडीत एक ओलसर ओंडका सरकवला.
वारा छपराचा एक कोपरा वाजवत होता.
चिलोएत त्याला कुणी वारा म्हणत नाही,
थांबला तरच बोलतात.

त्यांनी दोन आज्ञा लिहिल्या,
मधे एक उभी रेघ.
डावीकडची ओतणार, उजवीकडची आवळणार,
झऱ्याला पन्हळ लावावी तसं.
मधे घागर नाही, हंडा नाही,
जमिनीला थेंब लागायचा नाही.

"आणि इथे आडवी रेघ.
म्हणजे फाइल शोधू नकोस,
जे येतंय ते घे."

मी एंटर दाबलं.
पडद्यावर काहीच नाही. कर्सर तेवढा लुकलुकत.
किती झालं, किती राहिलं, टक्केसुद्धा नाहीत.
पन्हळीतून येणाऱ्याची लांबी
आधी कुणाला ठाऊक नसते,
यंत्र ती लिहितं शेवटी,
सगळं येऊन गेल्यावर.

आम्ही एकाच नळीनं आळीपाळीनं येर्बा ओढत बसलो.
मी विचारलं, सगळ्यात छान काय आवळलं जातं?
"शांतता. अख्खी रात्र बोटाच्या पेरात बसते.
शून्य एकदा सांगायचं,
मग किती वेळा ते सांगायचं, झालं.
धक्का हट्टी असतो.
त्याचा एक कण दुसऱ्यासारखा नाही,
त्याला जागा द्यावीच लागते."

पहाटे संपलं.
वर्षाला एक, अशी एकवीस गाठोडी.
मी आकडे मोठ्यानं वाचत गेले.
पहिली तेरा उन्नीस-बीस.
चौदाव्यापासून पुढे जरा लहान,
हजारात चारच, पण दर वर्षी.
"तेव्हापासून धरणी निवांत झाली का हो?"

ते चष्मा पुसत राहिले.
"धरणीचं काही नाही.
एउलोखिया यायची. साडेबाराला, खालच्या वाटेनं,
फडक्यात गुंडाळलेला गरम मिल्काओ घेऊन,
बटाट्याचा, वर चरबीचे तुकडे.
सेन्सर पुरलाय बरोब्बर पायरीखाली.
वाल्दिव्हियाला मी दोनदा कळवलं, जागा चुकली आहे.
ते म्हणाले, गोंगाट आहे, गाळून टाका."

"गाळलात?"

"वेळ कुठे होता? जेवायचो."

मी एक गाठोडं उघडून पाहिलं.
आत एकच फाइल,
आणि तिचं नाव: आडवी रेघ. एवढंच.
दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच.
चूक माझीच.
पन्हळीतून येणाऱ्याला स्वतःचं नाव नसतं,
बाहेरच्यानं ते द्यावं लागतं,
खुणेला चिकटून,
मधे एक अक्षरही मोकळं न सोडता.

"पुन्हा करू सगळी?"
"राहू दे," ते म्हणाले. "नववं तेवढं काढ."
खुर्ची ओढून बसले,
दोन बोटांनी टाइप करू लागले,
एकेक अक्षर हुडकत.
मी शेगडीतली राख काढायला गेले.
खरं तर राख नव्हतीच फारशी.

महिन्याभरानं वाल्दिव्हियाहून फोन आला.
तरुण आवाज, नियमांचा पक्का.
वीस पेट्यांत नाव नाही, ते आम्ही भरून घेऊ,
पण नवव्या वर्षात जे नाव आहे
त्या नावाचं स्टेशन आमच्या यादीत नाही.
अक्षरं चुकली असतील तर सांगा, दुरुस्त करतो.

मी म्हटलं, आवाज तुटतोय,
इकडे वारा फार आहे.

आणि तो होताच.